दोन बोटांची फट

जगात सगळीकडे पोरं उंची मोजताना टाचा उचलतात. मान ताणतात, केस फुगवतात, श्वास रोखून धरतात आणि अर्धा सेंटिमीटर कुठून पैदा करता येतो का ते बघतात. बाईंच्या हॉलमध्ये मात्र उलटा कारभार होता. इथल्या पोरी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या की बुटक्या व्हायला बघायच्या. कुणी खांदे पाडायची, कुणी हनुवटी छातीत खुपसायची. आणि ज्या खरोखर पोहोचलेल्या, त्या गुडघे वाकवायच्या. जरासेच, समोरून बघणाऱ्याला कळू नये इतके.

या सगळ्याच्या मुळाशी एकच शब्द होता, तो म्हणजे ‘जमिनीवर’.

बाई व्हॉलीबॉल शिकवत. हॉल म्हणजे पूर्वीचं गोदाम. लाकडी फळ्यांची जमीन, त्यातल्या तीन फळ्या पाय पडला की कुरकुरायच्या, आणि त्या कोणत्या ते सगळ्यांना पाठ होतं. आठ वर्षांची पोर दारातून आत यायची आणि सोळाची होऊन बाहेर पडायची. या आठ वर्षांचा तक्ता चार कागद जोडून भिंतीवर लावलेला होता. अक्षर बाईंच्या नवऱ्याचं. ते चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे, त्यामुळे लांबून वाचता येईल असं लिहिणं हा आपल्या धंद्याचाच भाग आहे असं त्यांचं म्हणणं होतं. तक्त्याच्या पहिल्या चौकोनात हलका चेंडू, कपाळाइतकं उंच नेट आणि भरपूर धावाधाव. दुसऱ्यात हातापायांची शिस्त. तिथे सगळ्यांनी सगळ्या जागांवर खेळायचं, मी फक्त स्मॅशच मारणार असले नखरे चालायचे नाहीत. शेवटच्या चौकोनावर ‘हवेत’ असं लिहिलेलं होतं. आणि त्याच्या आधीचा, ज्यात वयाचा आकडाच घातला नव्हता, तो ‘जमिनीवर’.

तीन महिन्यांत उंची अडीच सेंटिमीटरच्या वर वाढली की पोर जमिनीवर. मनगटाला पिवळी पट्टी आणि उड्या बंद. पाय जमिनीला चिकटवून पास द्यायचे, सर्व्हिस करायची, वाकून खालचे चेंडू उचलायचे आणि मैत्रिणी नेटवर उडताना बघत राहायचं. हे वाढीचा झपाटा ओसरेपर्यंत, म्हणजे निदान सहा महिने. बाई प्रत्येक आईबापाला बसवून समजावत, "या वयात हाड पुढे पळतं आणि स्नायू मागून चपला शोधत येतो. तोवर गुडघ्याखालचं हाड कच्चं असतं, आणि प्रत्येक उडीला ते वर ओढलं जातं." आईबाप माना डोलवत, आणि दुसऱ्याच दिवशी येऊन विचारत, "पण स्पर्धेपुरती मारली उडी तर?" लेकीच्या निवडीसाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या या मंडळींना बाई सांगत, की इतरांची अक्कल कुठेही असो, आमच्याकडे ती गुडघ्यातच ठेवावी लागते.

हे बाई पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. तेराव्या वर्षी त्यांना रोज दोनशे उड्या मारायला लावणारा प्रशिक्षक भेटला होता, आणि विसाव्या वर्षी त्या जिना आडव्या होऊन उतरायला लागल्या होत्या. अजूनही तशाच उतरत.

म्हणून मापं घेण्याचं काम त्या दुसऱ्या कुणावर सोपवत नसत. दर तिसऱ्या महिन्याचा पहिला सोमवार. त्या दिवशी चेंडूंची जाळी उघडायचीच नाही. पोर टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला लावून उभी राहिली की बाई आधी खाली बसत आणि तिच्या गुडघ्यामागे हात सरकवत. दोन बोटं गेली तर पोर सरळ. अख्खा पंजा गेला तर पोर चोर. "वर ये," त्या म्हणत, आणि पोर ओशाळं हसत दीड सेंटिमीटर वर येई. पोरींनी त्यांचं नाव ‘फूटपट्टी’ ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

निदान गेल्या वर्षापर्यंत आवडत होतं. आता तुम्हाला काय आवडतं असं त्यांना कुणी विचारलं असतं, तर आठवून सांगावं लागलं असतं.

या सोमवारीही त्या वेळेवर आल्या. कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, भिंतीवरच्या पट्टीची सरकती फळी दोनदा वरखाली करून बघितली. टेबलाशी वही घेऊन बसली होती त्यांची लेक. पोरी तिला टाचणी म्हणत, कारण अंग बारीक आणि वर डोकं गोल. पंधरावं चालू होतं. गेल्या वर्षापर्यंत ती याच रांगेत उभी राहायची. आता ती खुर्चीवर बसली की उजवा पाय खाली दुमडून न घेता पुढे पसरून ठेवायची, आणि चालताना त्या पायावर जरा कमी वेळ थांबायची. आकडे लिहायचं काम तिनेच मागून घेतलं होतं.

हॉलमध्ये ती आईला ‘बाई’ म्हणायची, आणि ‘तुम्ही’ म्हणायची. हा नियम आठव्या वर्षी तिनेच केलेला, कारण कुणी आपल्याला आईचं शेपूट म्हटलेलं तिला खपणार नव्हतं. घरात आई, अगं, तू. हॉलचा उंबरठा ओलांडला की बाई, अहो, तुम्ही. इतक्या वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. पडली त्या दिवशीसुद्धा ती "बाई" म्हणूनच ओरडली होती.

"एकशे अठ्ठेचाळीस पूर्णांक तीन."

टाचणी लिहायची, मागचा आकडा वजा करायची आणि सांगायची, "एक पूर्णांक एक."

"हवेत. पुढची."

बाईंचे हात चालत होते, तोंड चालत होतं. पोरी हसल्या की त्याही हसत, जरा उशिरा. आत काही हलत नव्हतं. दात काढताना गाल बधीर करतात आणि मग तासभर आपलाच गाल आपल्याला परक्याचा वाटतो, तसं त्यांचं वर्षभर चाललं होतं. त्यांना वाईट वाटत नव्हतं, आणि वाईट वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. नवरा मध्ये एकदा म्हणाला होता, "तू घरात आहेस की नाही ते मला हल्ली कपबशी वाजली तरच कळतं." त्यावर बाईंनी कपबशी हळू ठेवायला सुरुवात केली. तेवढंच त्यांना त्यातून समजलं.

झालं होतं ते असं.

गेल्या वर्षी याच सुमारास चौदा वर्षांखालच्या संघाची निवड चाचणी जाहीर झाली. ही चाचणी दोन वर्षांतून एकदा व्हायची, म्हणजे टाचणीला ही एकच संधी होती. पुढच्या वेळी ती वयात बसली नसती. तारीख पडली होती मापांच्या सोमवारनंतर बरोबर सहा आठवड्यांनी. आणि टाचणी तेव्हा जे खेळत होती त्याला तोड नव्हती. आईच्या मायेने नव्हे, शिकवणारीच्या डोळ्यांनी बघितलं तरी, वीस वर्षांत असं मनगट बाईंच्या हाताखालून गेलं नव्हतं. ती चेंडूकडे बघायचीच नाही, समोरच्या कोर्टातली मोकळी जागा बघायची, आणि चेंडू आपण होऊन तिथे जाऊन पडायचा. बाईंचं स्वतःचं खेळायचं राहून गेलेलं सगळं त्यांना त्या पोरीच्या खेळात दिसायचं.

त्या दिवसांत एका सकाळी नवरा म्हणाला, "पोरीची पँट घोट्याच्या वर गेलीय."

"धुऊन आकसली असेल."

"तीन पँटी एकदम?"

"एकाच दुकानातल्या आहेत."

नवऱ्याने चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला. "या खेपेला तिचं माप दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांग ना. मी दुकानात घरच्यांचे डोळे कधी तपासत नाही. आपल्या माणसाला आपण उगाच एक ओळ जास्त वाचू देतो."

"मी काय लबाडी करणार आहे?" बाई फणकारल्या. त्याने विषय सोडला, कारण तसं त्याला म्हणायचंच नव्हतं, आणि बाईंनाही आपण तसं काही करू असं वाटलं नव्हतं.

सोमवारी टाचणी रांगेत शेवटून दुसरी होती. ती भिंतीला लागली. बाई खाली बसायच्या बेतात होत्या आणि तेवढ्यात त्यांना तिच्या मांड्या दिसल्या. चड्डीच्या खाली स्नायू ताणून वर आले होते, अर्धवट वाकून तोल धरणाऱ्या माणसाचे येतात तसे. सरळ उभ्या माणसाच्या मांड्या अशा दिसत नाहीत. फूटपट्टीला एवढं बस होतं. आता फक्त खाली बसायचं, हात सरकवायचा आणि "वर ये" म्हणायचं. त्या दिवशी एकवीस पोरींना त्यांनी तसंच केलं होतं.

त्या बसल्या नाहीत. कंबर धरलीय असं काहीतरी त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि तेही पुरतं सांगितलं नाही. उभ्याउभ्याच फळी डोक्यावर टेकवली. "एकशे पंचावन्न पूर्णांक नऊ," म्हणाल्या आणि वहीत लिहून टाकलं. मागच्या वेळी एकशे चोपन्न पूर्णांक दोन होतं. वाढ एक पूर्णांक सात. हवेत. टाचणी भिंतीपासून सुटली ती नाचतच गेली, आणि बाईंनी रांगेतल्या शेवटच्या पोरीच्या गुडघ्यामागे हात सरकवला. दोन बोटं.

याला कानाडोळा म्हणतात. लोक तो डोळ्यांनी करतात, बाईंनी हाताने केला. आणि एकदा केलेला कानाडोळा चालू ठेवावा लागतो, तो काही एका दिवसावर भागत नाही. पुढचे सहा आठवडे टाचणी रोज साठ-साठ उड्या मारत होती आणि सराव संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत गुडघ्याखाली बर्फाची पिशवी धरून बसत होती. आई यायच्या आत पिशवी कपाटामागे जायची, पण फरशीवर पाण्याचं गोल वर्तुळ राहायचं. बाईंनी ते तीनदा बघितलं. तिन्ही वेळा म्हणाल्या, "पाणी सांडलंय, पुसून घे." टाचणी पुसून घ्यायची.

चाचणीच्या दुसऱ्या डावात नेटजवळ एक सोपा, उंच चेंडू आला. टाचणीने तीन पावलं घेतली, दोन्ही पाय रोवले आणि वर झेपावली. म्हणजे झेपावणार होती. आवाज आला तो पाय जमिनीवरून सुटायच्या आधीच, काठी मोडल्यासारखा. चेंडू तिच्या डोक्यावरून गेला आणि मागे पडला. पंचांनी शिट्टी वाजवून समोरच्यांना गुण दिला. तो गुण कागदावर अजून आहे.

हॉस्पिटलात भूल द्यायच्या आधी नर्सने तिला झोपवूनच टेपने उंची मोजली आणि मोठ्याने सांगितली, "एकशे एकोणसाठ." झोपून माप घेतलं की एखादा सेंटिमीटर जास्त येतो, तो सोडला तरी एकशे अठ्ठावन्न. त्या खोलीत पाच माणसं होती. या आकड्याचा अर्थ त्यांतल्या दोघींनाच कळला, आणि दोघींपैकी एकीनेही ब्र काढला नाही.

डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याखालचं हाडाचं टोक उपटून वर आलंय. वाढीच्या वयात होतं हे. गेल्या काही महिन्यांत हिची उंची एकदम वाढली होती का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे नोंद आहे."

टाचणी छताकडे बघत होती.

दोन स्क्रू बसले. हाड जुळलं, पण गुडघा धरून बसला तो पुरता सरळ होईना. क्लबच्या समितीने रीतसर बैठक घेतली, वही मागवली, पानं उलटली आणि सांगितलं, की बोट ठेवायला कुठे जागा नाही. उलट बाईंनी स्वतःच्या लेकीलाही सगळ्यांसारखंच मोजलं याचं कौतुक झालं. पालक भेटायला आले. "नशीब," म्हणाले. बाई "हो" म्हणाल्या. त्याच सुमारास कधीतरी त्यांच्या आतलं सगळं बंद पडलं. कुठल्या दिवशी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सुरुवातीला त्या रोज ठरवायच्या, की आज हिला सांगायचं. मग आठवड्याने ठरवायला लागल्या. मग ठरवणंच राहून गेलं. लेकीला व्यायामाला वडील न्यायचे. तिथून दर महिन्याला एक कागद यायचा, त्यावर गुडघा सरळ व्हायला किती अंश बाकी आहेत ते लिहिलेलं असायचं. वीस, सोळा, बारा. मग बारा, बारा, बारा. बाई कागद वाचत, घडी घालत आणि खणात ठेवत. त्या गुडघ्याला त्यांनी वर्षभरात एकदाही हात लावला नव्हता.

तर या सोमवारी रांग संपत आली होती. शेवटची उरली होती झाकण. साडेअकरा वर्षांची, अख्ख्या हॉलमध्ये सगळ्यांत बुटकी म्हणून नाव झाकण. पण या तीन महिन्यांत बाटली बदलावी लागेल अशी लक्षणं दिसत होती. ती भिंतीला लागली आणि निष्पाप चेहरा करून समोरच्या खिडकीकडे बघत राहिली. बाई खाली बसल्या. अख्खा पंजा गेला.

"वर ये."

झाकण वर आली.

"आणखी ये."

"आलेय ना!"

"दोन बोटं उरेपर्यंत यायचं असतं."

झाकण आली. बाईंनी आकडा वाचला, टाचणीने वजाबाकी केली आणि हळूच म्हणाली, "तीन पूर्णांक एक."

"जमिनीवर."

"बाई, पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे हो," झाकणचे डोळे भरले. "एकदाच सोडा ना. मी कमी उडेन. एवढंसं उडेन."

"नाही."

"कुणाला कळणार आहे?"

बाईंनी तिचं मनगट धरलं आणि पिवळी पट्टी बांधली. गाठ नीट बसली की नाही ते बघितलं. झाकण मुसमुसत बूट घालायला गेली, डावा उजव्यात घातला, काढला, परत घातला आणि दार आपटून निघून गेली.

हॉल रिकामा झाला. बाई फळी खाली सरकवून ठेवत होत्या. टाचणीने वही मिटली नव्हती.

"बाई."

"हं."

"तुम्ही झाकणचे गुडघे लगेच पकडलेत."

"लगेचच कळतं. हात घालायच्या आधीच कळतं. मांड्या सांगतात." बाई सवयीने बोलून गेल्या. हॉलमध्ये कुणी खेळाबद्दल विचारलं की त्या आपोआप उत्तर देत.

"सगळ्यांचं कळतं?"

"सगळ्यांचं," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा हात फळीवरच थांबला.

टाचणीचं मात्र त्या उत्तराकडे लक्षच नव्हतं. ती मनात वर्षभर घोकलेलं बोलायच्या तयारीत होती, आणि घोकलेलं बोलताना माणसाला समोरचं ऐकू येत नाही. पेनचं टोपण लावत, काढत ती म्हणाली, "मीपण वाकवले होते. गेल्या वर्षी. चाचणीच्या आधी."

बाईंनी फळीवरचा हात काढला.

"आरशासमोर सराव केला होता मी. दीड सेंटिमीटर. त्याहून जास्त वाकलं की डोकं भिंतीपासून सुटतं." ती भराभर बोलत होती. "मला वाटलं होतं तुम्ही हात घालालच. खरंच. ‘वर ये’ म्हणाल की मी येणार होते वर, ठरवलंच होतं. पण तुम्ही नाही घातलात. मग मला वाटलं, जमलं. मग डॉक्टरांना तुम्ही म्हणालात, नोंद आहे. माझ्यामुळे तुमच्या तोंडून सगळ्यांसमोर खोटं गेलं, आणि ते खोटं कशामुळे ते तुम्हाला माहीतसुद्धा नाही. रोज वाटायचं सांगावं. तुम्ही बोलायच्याच बंद झालात, तर मला वाटलं, आता सांगितलं तर..." तिने वाक्य तिथेच सोडलं. "मी फसवलं तुम्हाला."

बाईंसमोर रस्ता मोकळा होता. ‘जाऊ दे, लहान होतीस तू,’ एवढं म्हटलं की झालं असतं. वाक्य तोंडात तयार होतं, अगदी प्रेमळ होतं, आणि कुणालाही खरं वाटलं असतं. लेकीने माफी मागितली आणि आईने दिली. वहीतला आकडा कायमचा बरोबर ठरला असता, आणि पोरीने आपल्या पायाचा दोष आपल्याच डोक्यावर घेऊन उरलेलं आयुष्य काढलं असतं, वर आईचे उपकार मानत. बाईंनी ते वाक्य गिळलं. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. ते जिभेवर आलं आणि त्याची शिसारी आली, इतकंच.

"मला दिसलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू वाकलेली. तुझ्या मांड्या दिसल्या मला. म्हणून मी हात घातला नाही."

टाचणीने पेन खाली ठेवलं. ती वहीकडे बघायला लागली, वजाबाकी चुकली असावी तशी.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"डॉक्टरांना सांगितलंत तेव्हापण?"

"हो."

"बर्फाचं?"

"फरशीवरचं पाणी बघितलं होतं."

"आणि मी उड्या मारत होते ते..."

"हो. तुझी निवड व्हायला हवी होती मला." बाईंचा आवाज सपाट होता. एखाद्या खिडकीपुढे उभं राहून नाव, वय, पत्ता सांगावा तशी त्या उत्तरं देत होत्या. आता ही रडेल, ओरडेल, वही फेकेल, असं त्यांना वाटत होतं. तसं व्हावं असंही वाटत होतं.

टाचणी रडली नाही. ती उठली. उजव्या पायावर कमी थांबत, कुरकुरणाऱ्या फळ्या चुकवायचंसुद्धा विसरून ती भिंतीपर्यंत गेली. बूट काढून कडेला जोडीने लावले. भिंतीला टाचा लावल्या, पाठ लावली, डोकं लावलं.

"माझं माप राहिलंय," ती समोर बघत म्हणाली. "वर्षभर कुणी घेतलेलं नाही."

बाई जवळ गेल्या. या वेळी त्या खाली बसल्या, त्यांचे स्वतःचे गुडघे कडकडले आणि रिकाम्या हॉलमध्ये ते मोठ्याने ऐकू आलं. डाव्या गुडघ्यामागे त्यांनी हात सरकवला. दोन बोटं गेली आणि अडकली. मग उजव्या. तिथे बोटं गेली, पंजा गेला, अंगठ्यासकट गेला, आणि तरी वर जागा उरली.

"वर ये," बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"आलेय," टाचणी म्हणाली. मग हॉलमध्ये पहिल्यांदाच तिने तो शब्द उच्चारला. "आई, हा एवढाच सरळ होतो."

बारा अंश बाईंनी कागदावर कितीतरी वेळा वाचले होते. ते किती असतात ते त्यांना आत्ता कळलं. गुडघ्याची मागची बाजू ऊन होती आणि तिथली शीर त्यांच्या तळहातावर ठोके देत होती. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना काहीतरी लागलं, आणि ते इतकं लागलं की त्यांना हात काढता येईना, उठता येईना. त्या तिथेच बसून राहिल्या, लेकीच्या पोटरीला कपाळ टेकून.

"आकडा वाच ना," टाचणी वरून म्हणाली. तिचा आवाजही आता धड राहिला नव्हता. "मला लिहायचाय."